"पोटातलं बाळ आधी मुलगीच असतं" : हे कितपत खरं?

पेशीपुराण :

परवा एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप फिरत आला : "प्रत्येक गर्भ सुरुवातीला मुलगीच असतो, नंतर त्यातले काही मुलगे होतात." खाली टाळ्या आणि हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी प्राणिशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे, आणि वर्गात कित्येक वर्षं जवळपास हेच सांगितलं आहे. म्हणून जरा जास्तच टोचलं. वाक्य पूर्ण खोटं नाही, अर्धवट आहे. आणि जो अर्धा भाग सुटतो तोच जास्त मजेचा आहे, म्हणून हा धागा.

माणसाचा गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असतो (गर्भधारणेपासून मोजलेले, डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यासाठी दोन मिळवा) तेव्हा त्याच्या पोटाच्या मागच्या भिंतीला, मूत्रपिंडाच्या शेजारी, दोन लांबट उंचवटे आलेले असतात. पुढे त्यांची वृषणं होणार की अंडाशय, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघूनही सांगता येत नाही. त्यात अजून बीजपेशीसुद्धा (ज्यांची पुढे अंडी किंवा शुक्राणू होतात त्या) स्वतःच्या नसतात. त्या दूर, पीतक पिशवीच्या (गर्भाला जोडलेल्या तात्पुरत्या पिशवीच्या) भिंतीत असतात आणि आतड्याच्या कडेकडेने सरपटत इथे येतात.

या उंचवट्यांच्या शेजारी नळ्यांच्या दोन जोड्या. एक वोल्फची, दुसरी म्यूलरची. कास्पार फ्रीडरिश वोल्फ अठराव्या शतकातला, योहानेस म्यूलरने आपल्या नळीचं वर्णन १८३० मध्ये केलं. वोल्फची नळी ही मुळात गर्भाच्या तात्पुरत्या मूत्रपिंडाचा नाला. ते मूत्रपिंड पुढे मोडीत निघतं, पण नाला तयारच असतो, तो पुरुषाच्या देहात शुक्रवाहिनी म्हणून कामाला लावला जातो. निसर्ग जुन्या सामानातून संसार करतो तो असा. म्यूलरच्या नळीपासून बीजवाहिन्या, गर्भाशय आणि योनीचा वरचा भाग.

आता मुद्दा असा की या दोन्ही जोड्या प्रत्येक गर्भात असतात. मुलगा असो वा मुलगी. म्हणजे त्या वेळी गर्भ "मुलगी" नसतो. दोन्हीकडची सामग्री घेऊन बसलेला असतो.

मग मुलीचा समज आला कुठून? आल्फ्रेड योस्ट नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाकडून, किंवा त्याच्या प्रयोगाच्या ऐकीव आवृत्तीतून. त्याने सशाच्या मादीच्या पोटातल्या पिल्लांवरच शस्त्रक्रिया केली आणि त्यांची वृषणं किंवा अंडाशय काढून टाकले. १९४७ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. सशाचं गर्भारपण जेमतेम महिनाभराचं, पिल्लू बोटाएवढं, आणि त्याचं पोट उघडून पुन्हा शिवून आईच्या पोटात ठेवायचं! पुरेशा लवकर काढलं तर पिल्लू एक्सएक्स (मादीची गुणसूत्रं) असो की एक्सवाय (नराची), आतल्या नळ्या आणि बाहेरचे अवयव मादीसारखेच झाले. वृषण असेल तर नर, वृषण नसेल तर मादी. अंडाशय असला काय, नसला काय.

पुढचा प्रयोग त्याहून नामी. मादी पिल्लात त्याने टेस्टोस्टेरॉनचा, म्हणजे वृषणातून निघणाऱ्या नर हार्मोनचा, खडा ठेवला. वोल्फच्या नळ्या टिकल्या, पण म्यूलरच्या नळ्याही गेल्या नाहीत. म्हणजे वृषणातून एक नाही, दोन द्रव्यं निघतात : एक वोल्फची नळी राखणारं आणि दुसरं म्यूलरची नळी मोडणारं. या दुसऱ्याला आज एएमएच (अँटी-म्यूलेरियन हार्मोन) म्हणतात. ते वृषणातल्या सर्टोली पेशी तयार करतात, टेस्टोस्टेरॉन शेजारच्या लायडिग पेशी.

बाकी प्रतिसादांत.

---

सरळसोट :

सर, धागा छान. पण तुम्हीच सांगितलेल्या सशावरून तर व्हॉट्सअ‍ॅपवालाच बरोबर ठरतो की! काहीच केलं नाही तर मादी. मग आधी मुलगीच म्हणायचं. आणि तसं नसेल तर आम्हा पुरुषांना स्तनाग्रं कशाला दिली आहेत? शोभेला?

---

पेशीपुराण :

स्तनाग्रांचं उत्तर सोपं आहे. ती त्या काळात येतात जेव्हा वृषणाचं अजून काही चालत नाही. काखेपासून जांघेपर्यंत त्वचेवर दुधाची रेघ उमटते, तीही दोघांत. माणसात टेस्टोस्टेरॉन नंतर आलं तरी ती पुसत नाही. उंदरात मात्र पुसतं : नर उंदराच्या गर्भात स्तनाची कळी त्वचेपासून तोडली जाते, म्हणून नर उंदराला स्तनाग्रंच नसतात. तेव्हा स्तनाग्रं म्हणजे "आधी मुलगी होतो" याचा पुरावा नाही, दोघांचा आराखडा काही काळ एकच होता याचा आहे.

"काहीच केलं नाही तर मादी" यावर उद्या लिहितो. तिथेच खरी गोम आहे.

---

प्रश्नचिन्ह :

सर, बाहेरच्या अवयवांबद्दल पण लिहा ना. आम्हाला कॉलेजात ते चित्र दाखवून पुढचं पान उलटलं होतं. सगळे खाली मान घालून बसलेले, मॅडमसुद्धा.

---

रातपाळी :

सरांच्या परवानगीने हे मी घेते. लहान मुलांच्या शस्त्रक्रिया विभागात काम करते, त्यामुळे या चित्राशी रोजचा संबंध.

सुरुवातीला दोघांतही एकच रचना : मध्ये एक छोटा उंचवटा, त्याच्याखाली मूत्रमार्गाच्या दोन्ही बाजूंनी दोन घड्या, आणि त्याबाहेर दोन फुगवटे. उंचवट्यापासून मुलात शिश्नाचा पुढचा भाग, मुलीत शिश्निका (क्लिटोरिस). घड्या मुलीत सुट्या राहतात, ते आतले भगोष्ठ (योनीमुखाचे ओठ). मुलात त्या एकमेकींना भेटून शिवल्या जातात आणि मूत्रमार्ग शिश्नाच्या आत बंद होतो. बाहेरचे फुगवटे मुलीत बाहेरचे भगोष्ठ, मुलात एकत्र येऊन वृषणकोश. कुठल्याही पुरुषाच्या वृषणकोशावर मधोमध शिवणीसारखी रेघ असते, ती तीच शिवण. ही शिवण मध्येच थांबली तर लघवीचं छिद्र टोकाला न येता खाली राहतं. अशी बाळं आमच्याकडे नेहमी येतात, आणि आईवडिलांना वाटतं काहीतरी भलतंच झालं. मी त्यांना सांगते, टाका घालायचा राहिला आहे.

हे काम नुसत्या टेस्टोस्टेरॉनने होत नाही बरं का. त्या जागच्या पेशी एका एन्झाइमने त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करतात, ते जास्त जोरकस. हे एन्झाइम नसलेली एक्सवाय मुलं जन्मताना मुलीसारखी दिसू शकतात आणि वयात येताना, टेस्टोस्टेरॉनचा पूर आला की, शरीर पुरुषी होऊ लागतं. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही खेड्यांत अशी बरीच मुलं होती, त्यांच्यावरचा अभ्यास १९७४ मध्ये आला आणि या एन्झाइमचं महत्त्व कळलं.

---

सरळसोट :

रातपाळी ताई, "टाका घालायचा राहिला" हे भारी.
पण म्हणजे शिवलं तर मुलगा, शिवलं नाही तर मुलगी. माझा मुद्दा तसाच उभा आहे!

---

गोठेवाला :

मंडळी, मी फार शिकलेला नाही, पण एक विचारतो. माझ्याकडे एका गाईला दोन वर्षांपूर्वी जुळं झालं, एक कालवड, एक गोऱ्हा. कालवड अंगाने चांगली भरली आहे, पण अजून एकदाही माजावर आली नाही. शेजारचे म्हातारे म्हणतात गोऱ्ह्याबरोबरची कालवड वांझच निघते, उगाच खायला घालू नकोस. हे खरं का? आणि याचा तुमच्या धाग्याशी संबंध आहे का, की मी चुकीच्या ठिकाणी आलो?

---

पेशीपुराण :

गोठेवाले दादा, तुम्ही अगदी बरोबर ठिकाणी आलात. या शास्त्राचा अर्धा पाया तुमच्या कालवडीसारख्या कालवडींनी घातला आहे.

अशा कालवडीला फ्रीमार्टिन म्हणतात. १७७९ मध्ये जॉन हंटर या शल्यवैद्याने तिच्यावर लिहिलं. कारण मात्र १९१६ मध्ये फ्रँक लिली याने उलगडलं. गाईच्या जुळ्यांच्या वारा (प्लॅसेंटा) बहुतेक वेळा एकमेकींना चिकटतात आणि रक्तवाहिन्या जोडल्या जातात. गोऱ्ह्याचं रक्त कालवडीत, तिचं त्याच्यात. त्याची वृषणं आधी तयार होतात, आणि त्यांचं एएमएच रक्तातून तिच्याकडे जातं. ते आपलं काम करतं : म्यूलरच्या नळ्या मोडतं. त्याला काय माहीत या नळ्या कोणाच्या? कालवडीचं गर्भाशय अर्धवट राहतं किंवा दोरीसारखं होतं, अंडाशयही खुरटतात. बाहेरून मात्र ती कालवडच दिसते.

म्हातारे बरोबर आहेत. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेल्या दहातल्या नऊ-एक कालवडी अशाच निघतात. पण दहावी असू शकते, तेव्हा तपासल्याशिवाय निकाल देऊ नका. जन्मल्यावर काही आठवड्यांत डॉक्टर बोथट नळी घालून योनीची लांबी बघतात, फ्रीमार्टिनची निम्म्याहूनही कमी भरते. आता ती मोठी आहे, तर हात घालून गर्भाशय लागतं का ते कळेल. रक्ताची तपासणीही आहे, कारण तिच्या रक्तात भावाच्या वाय गुणसूत्राच्या पेशी आयुष्यभर राहतात.

---

प्रश्नचिन्ह :

बाप रे. मग माणसांत मुलगा-मुलगी जुळं झालं तर? माझी आई आणि मामा जुळे आहेत, म्हणून विचारतेय. (मी जन्माला आले याचा अर्थ उत्तर मला माहीत आहे, पण कारण सांगा!)

---

रातपाळी :

कारण वार, म्हणजे प्लॅसेंटा. माणसात मुलगा-मुलगी जुळ्यांच्या वारा शेजारी टेकल्या तरी आतलं रक्ताभिसरण सहसा वेगळंच राहतं. गाईचं तसं नाही.

आता एएमएचचा उलटा किस्सा. लहान मुलाच्या जांघेतल्या हर्नियाची साधी शस्त्रक्रिया, आणि पिशवी उघडल्यावर आत गर्भाशय आणि बीजवाहिनी. मुलगा सर्वार्थाने मुलगा, वृषणं आहेत, शिश्न व्यवस्थित. फक्त एएमएच तयार होत नाही किंवा त्याला दाद मिळत नाही, म्हणून म्यूलरच्या नळ्या गेल्याच नाहीत. मी हे एकदाच पाहिलं आहे. टेबलाभोवती मिनिटभर कोणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या टोकाला, गुणसूत्रं एक्सवाय, वृषणं आहेत, टेस्टोस्टेरॉन भरपूर, पण ते ओळखणारं ग्राहीच बिघडलेलं. बाहेरून पूर्ण मुलगी. वयात आल्यावर स्तन वाढतात, कारण त्या टेस्टोस्टेरॉनचं शरीरात इस्ट्रोजेन हे स्त्री हार्मोन होतं. पाळी मात्र येत नाही, कारण गर्भाशय नाही. एएमएच आपलं काम करून गेलेलं असतं. योस्टने सशात जे दोन धागे सुटे केले, ते इथे माणसात सुटे दिसतात. अशा बाईला कोणी "खरं म्हणजे तू पुरुष" म्हणालं तर ते शास्त्र नव्हे, आगाऊपणा आहे.

आणि उरलेसुरले तुकडे तर सगळ्यांतच असतात. मुलांच्या वृषणाच्या डोक्यावर म्यूलरच्या नळीचा बारीकसा शेंडा राहिलेला असतो. वयात येण्याच्या आधीच्या मुलांत तो कधी पिळवटतो आणि मुलगा कळवळत येतो. बापाला समजावून सांगायचं, की जे गर्भाशय तुमच्या मुलाला झालं नाही त्याचा कण दुखतो आहे. चेहरे बघण्यासारखे होतात.

---

उलटतपासणी :

धागा वाचतोय, पण मूळ कारण अजून कोणी सांगितलं नाही. वृषण व्हायचं की अंडाशय, हे ठरवतं कोण? "वाय गुणसूत्र" हे उत्तर नको. वायवरचं नेमकं काय?

---

पेशीपुराण :

वाय महत्त्वाचं हे १९५९ मध्ये पक्कं झालं, जेव्हा एक्सएक्सवाय पुरुष आणि एकच एक्स असलेल्या स्त्रिया सापडल्या. एक्स किती आहेत याने फरक पडत नाही, वाय आहे की नाही याने पडतो. मग वायवरचा तो तुकडा शोधायची शर्यत लागली. १९८७ मध्ये एक जनुक सापडल्याचं जाहीर झालं, ते चुकीचं निघालं. १९९० मध्ये लंडनमध्ये पीटर गुडफेलो आणि रॉबिन लव्हेल-बॅज यांच्या गटांनी एसआरवाय शोधलं. पुढच्या वर्षी त्यांनी हे एकच जनुक असलेला डीएनएचा तुकडा एक्सएक्स उंदराच्या गर्भात घातला. झालेला उंदीर नर, वृषणांसकट, माद्यांच्या मागे धावणारा. वाय गुणसूत्र नव्हतंच, म्हणून शुक्राणू मात्र नव्हते.

गंमत म्हणजे एसआरवाय फार थोडा वेळ बोलतं. उंदरात जेमतेम दोन दिवस. तेवढ्यात ते सॉक्स९ नावाचं जनुक जागं करतं आणि गप्प होतं. पुढचा गाडा सॉक्स९ हाकतं. २०१८ मध्ये तर असं दिसलं, की सॉक्स९ पासून लांब, डीएनएचा पाचशे-साडेपाचशे अक्षरांचा एक तुकडा उडवला तर एक्सवाय उंदीर अंडाशय घेऊन मादी होतो. सॉक्स९ शाबूत, एसआरवाय शाबूत, फक्त मधली कळ काढली.

आणि सरळसोट, आता तुमच्याकडे येतो. सॉक्स९ जागं झालं नाही तर अंडाशय "आपोआप" होतो का? नाही. तिकडेही डब्ल्यूएनटी४, आरस्पॉन्डिन१, फॉक्सएल२ अशी जनुकं कामाला लागलेली असतात आणि ती सॉक्स९ ला दाबून ठेवतात. आरस्पॉन्डिन१ बिघडलेल्या एक्सएक्स व्यक्ती एसआरवाय नसतानाही पुरुष झालेल्या आहेत. वृषण व्हायला कोणी आज्ञा दिली नाही, अडवणारा गेला एवढंच. मग "काही केलं नाही तर मुलगी" या वाक्याचं काय करायचं?

---

गोठेवाला :

सर, शेळ्यांत असलंच काही आहे का? शिंगं नसलेला बोकड शिंगं नसलेल्या शेळीवर घालू नये म्हणतात, धड ना शेळी धड ना बोकड अशी पिल्लं निघतात.

---

पेशीपुराण :

दादा, तुम्ही माझं भाषण चोरलंत. शेळीच्या डीएनएतून सुमारे ११,७०० अक्षरांचा एक तुकडा गेला की शिंगं येत नाहीत. हाच तुकडा गेल्याने शेजारचं फॉक्सएल२ अंडाशयात जागं होत नाही. एका बाजूकडून मिळाला तर फक्त शिंगं जातात. दोन्हीकडून मिळाला, आणि पिल्लू एक्सएक्स असेल, तर अंडाशयाच्या जागी वृषण होऊ लागतं. हे २००१ मध्ये समजलं. शेळ्या पाळणाऱ्यांनी शिंगं बघून नियम आधीच धरला होता.

पुढचं तर मला स्वतःला पचायला वेळ लागला. २००९ मध्ये पूर्ण वाढलेल्या मादी उंदरात फॉक्सएल२ बंद केलं, आणि अंडाशयातल्या पेशी वृषणातल्या सर्टोली पेशींसारख्या होऊ लागल्या. दोन वर्षांनी उलटही झालं : प्रौढ नरात डीएमआरटी१ नावाचं जनुक काढलं तर वृषणातल्या पेशी अंडाशयाकडे झुकल्या. गर्भात एकदा ठरलं की संपलं, असं मी शिकवत आलो. ते रोज राखावं लागतं.

---

सरळसोट :

ठीक, अंडाशयापुरतं मानलं. पण नळ्या? वोल्फची नळी मुलीत टेस्टोस्टेरॉन नाही म्हणून आपोआप सुकते. तिथे तरी "आपोआप" आहे ना? योस्टनेच दाखवलं.

---

पेशीपुराण :

सत्तर वर्षं सगळ्यांना तसंच वाटत होतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने मादी उंदराच्या गर्भात वोल्फच्या नळीभोवतीच्या ऊतीतून कूप-टीएफ२ हे एकच प्रथिन काढलं. टेस्टोस्टेरॉन नव्हतं, वृषण नव्हतं, तरी वोल्फच्या नळ्या राहिल्या. पिल्लू मादी, दोन्ही नळ्या घेऊन जन्मलं. म्हणजे मादीत ती नळी उपाशी मरत नाही, तिला मोडायला माणूस लावलेला असतो. योस्ट चुकला असं नाही. वृषण नसताना काय होतं एवढंच त्याने पाहिलं होतं. "काहीच होत नाही" हे आपण मागाहून जोडलं.

मुलगी म्हणजे मुलगा होता होता राहिलेली, हे चित्र म्हणूनच मला खटकतं. वर्षानुवर्षं वृषणाची जनुकं शोधली गेली, अंडाशयाकडे बघायला फारसं कोणी गेलंच नाही. बघितलंच नाही तर "काही होत नाही" असंच दिसणार.

---

सरळसोट :

हार मानली. निरोप मीही पुढे पाठवला होता, आता दुरुस्ती पाठवतो.

---

प्रश्नचिन्ह :

मग मुलीत बीजं कधी तयार होतात? जन्मानंतर नाहीत ना?

---

रातपाळी :

गर्भातच. पाचव्या महिन्याच्या सुमारास साठ-सत्तर लाख असतात, जन्मताना दहा ते वीस लाख उरतात. ती अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रं निम्मी करणारं) सुरू करून मध्येच थांबतात आणि कित्येक वर्षं तशीच थांबून राहतात. तुझ्या आजीच्या पोटात तुझी आई होती, तेव्हा तू जिच्यातून झालीस ती पेशी तिथे होती. शेजारी मामाच्या वृषणात तशाच पेशी होत्या, पण त्यांना हे विभाजन वयात येईपर्यंत सुरूच करू दिलं जात नाही.

---

उलटतपासणी :

हे सगळं सस्तन प्राण्यांचं सामाईक आहे की उंदीर-माणसापुरतं? तरसाच्या मादीला शिश्न असतं असं वाचलेलं.

---

पेशीपुराण :

ठिपकेवाल्या तरसाची. शिश्निका एवढी वाढलेली, की ती त्यातून लघवी करते, मीलन त्यातूनच आणि पिल्लंही त्यातूनच बाहेर. भगोष्ठ जुळून खोटा वृषणकोश होतो. इथेही वाटेल की टेस्टोस्टेरॉन जास्त झालं. पण गाभण माद्यांना त्याचा परिणाम रोखणारी औषधं देऊनही मादी पिल्लांना ते शिश्न आलंच. नुसत्या त्या हार्मोनवर भागत नाही.

वॉलबी हा कांगारूचा लहान भाऊबंद. त्याचं पिल्लू अर्ध्या ग्रॅमपेक्षाही हलकं जन्मतं, वृषण अजून तयार नसतं, आणि तरीही नर पिल्लाला वृषणकोशाचे फुगवटे आधीच दिसतात. हार्मोन नसताना! तिथे पिशवी की वृषणकोश हे एक्स गुणसूत्रं किती यावर ठरतं. एक्सएक्सवाय कांगारूवर्गीयांना वृषणं, शिश्न आणि वर पोटावर पिशवी असं सगळं सापडलेलं आहे. एकच एक्स असलेल्यांना वृषणाविना वृषणकोश.

आणि जपानच्या आमामी ओशिमा बेटावर एक काटेरी उंदीर आहे, त्याला वाय गुणसूत्रच नाही, एसआरवायही नाही. नर मात्र होतात. २०२२ मध्ये कळलं, की नरांत सॉक्स९ च्या अलीकडे १७,००० अक्षरांचा एक तुकडा दुबार झालेला आहे. कळ बदलली, गाडा तोच.

---

रातपाळी :

एक कामाची गोष्ट राहिली. वोल्फची नळी हा मूत्रपिंडाचा नाला, असं सरांनी वर लिहिलंय. कायमचं मूत्रपिंडही त्याच नळीला फुटलेल्या कोंबामुळे तयार होतं, आणि म्यूलरची नळी वोल्फच्या नळीचा हात धरून खाली वाढते. म्हणून एखाद्या मुलीचं गर्भाशय दुभंगलेलं किंवा अर्धंच आहे असं सोनोग्राफीत दिसलं, तर तिची दोन्ही मूत्रपिंडं आहेत ना हे जरूर बघून घ्यावं. एका बाजूचं नसणं विरळ नाही.

---

गोठेवाला :

डॉक्टर आज येऊन गेले. हात घातला, गर्भाशय हाताला लागलंच नाही, बोटाएवढी दोरी लागली म्हणाले. रक्त पाठवायची गरज नाही. म्हाताऱ्यांना जाऊन सांगितलं, ते म्हणाले आम्ही काय वेगळं सांगत होतो.

कालवड ठेवणार आहे, मुलीचा जीव जडलाय तिच्यावर. तिची आई पुन्हा गाभण आहे. डॉक्टर आलेच होते म्हणून आत एकच आहे ना, तेवढं बघून घेतलं. एकच आहे.